आईचा "अंगात किडे फिरतात" हा भ्रम आणि मामाचा एएलएस, दोन्ही एकाच जीनमुळे असू शकतं का?

रानजाई

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी आई ५८ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा म्हणाली की डाव्या हाताच्या कातडीखाली बारीक किडे फिरतायत. आम्हाला वाटलं अॅलर्जी असेल, स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, मलमं झाली, गोळ्या झाल्या, फरक शून्य. मग ती कंगव्याच्या दातांनी हात खरवडायला लागली आणि जे काही निघेल ते, खपली, धाग्याचा तुकडा, एखादा केस, एका रिकाम्या काडेपेटीत जमवून ठेवायची. मी तिच्याकडे गेले की दारातच ती काडेपेटी उघडून समोर धरायची, "बघ, आता तरी पटतंय का?" आत बघायचे तर स्वेटरची लोकर. मी तिला तेच सांगायचे, मग भांडण, मग दोन दोन दिवस अबोला.

सायकियाट्रिस्टकडे नेलं, त्यांनी डिल्यूजनल डिसऑर्डर (पक्का बसलेला भ्रम) सांगितलं, अँटिसायकोटिक म्हणजे भ्रम-भासांवरची गोळी सुरू केली. किडे काही गेले नाहीत, पण महिन्याभरात तिचे हातपाय आखडले, चालताना पाय घासायला लागली. डोस कमी केला, गोळी बदलली, तेच. आणि गेल्या दोन वर्षांत ती माणूस म्हणूनच बदललीय. बाबा गेले त्या दिवशी घरात सगळे रडत होते आणि ही मला बाजूला घेऊन विचारतेय की काही गोड आहे का खायला. मला तेव्हा तिचा इतका राग आला होता की मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. आणि गंमत नाही सांगत, तिची स्मरणशक्ती एकदम नीट आहे, सगळ्यांचे फोन नंबर, वाढदिवस तोंडपाठ. त्यामुळे डिमेन्शिया हा शब्द कुणाच्या डोक्यातच आला नाही, आमच्याही नाही आणि डॉक्टरांच्याही नाही. एमआरआयमध्ये "वयानुसार थोडं आकुंचन" एवढंच आलं होतं.

मागच्या आठवड्यात एका नवीन न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, घरात कुणाला हातापायातली ताकद जाण्याचा आजार होता का? मी म्हटलं हो, मामाला, एएलएस, ४९ व्या वर्षी गेला. ते लिहायचे थांबले. मग म्हणाले, आईची जेनेटिक टेस्ट करून बघूया, पण आधी तुम्ही सगळे काउन्सेलरला भेटा.

तेव्हापासून मला झोप नाहीये. आईचे आईवडीलही गेलेत, आजोबा शेवटी "भ्रमिष्ट" झाले होते एवढंच ऐकलंय. हाताच्या स्नायूंचा आजार आणि मनाचा भ्रम यांचा एकमेकांशी संबंध कसा काय असू शकतो? आणि असला तर मी ३१ ची आहे, भाऊ २७ चा, आमचं काय? भाऊ तर म्हणतो मला काही कळायलाच नकोय, विषय काढू नको.

मज्जारज्जू

रानजाई, न्यूरॉलॉजीत काम करतो म्हणून लिहितोय, पण हे तुमच्या आईचं निदान नाही हे आधी सांगतो, पेशंट न बघता निदान करता येत नाही. डॉक्टरांनी जे विचारलं ते मात्र अगदी बरोबर विचारलं.

त्यांच्या डोक्यात बहुतेक सी९ऑर्फ७२ हा जीन असणार. तो ९ व्या क्रोमोसोमवर असतो. त्यात जी-जी-जी-जी-सी-सी असा सहा अक्षरांचा तुकडा आहे, बहुतेक लोकांमध्ये तो दोन-चारदा, फार तर वीस-पंचवीसदा लागोपाठ येतो. काही घराण्यांमध्ये तोच तुकडा शेकडो, कधी हजारो वेळा येतो. त्यातून दोन गोष्टी होतात, एक म्हणजे त्या जीनपासून बनणारं नेहमीचं प्रोटीन कमी पडतं, दुसरं म्हणजे त्या वाढलेल्या तुकड्यापासून नको ते आरएनए आणि नको ती प्रोटीनं बनून पेशीत साठत जातात. टीडीपी-४३ नावाचं एक प्रोटीन असतं, ते पेशीच्या केंद्रकात असायला हवं, ते बाहेर येऊन गुठळ्या करतं. आता ही गडबड पाठीच्या कण्यातल्या हालचालीच्या पेशींमध्ये झाली तर एएलएस, कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागात झाली तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, आम्ही एफटीडी म्हणतो. एकाच घरात भावाला एक आणि बहिणीला दुसरं, किंवा एकालाच दोन्ही, असं होऊ शकतं. अशी घराणी डॉक्टरांना आधीपासून माहीत होती, २००६ च्या सुमारास ९ व्या क्रोमोसोमवर काहीतरी आहे इथपर्यंत माग लागला होता, आणि २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी एकाच वेळी नेमका हा तुकडा शोधून काढला.

आता भ्रमाचं. एफटीडीत एरवी भ्रम आणि भास फारसे दिसत नाहीत, पण या जीनच्या पेशंटमध्ये खूप दिसतात. मँचेस्टरच्या टीमने २०१२ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या सी९ऑर्फ७२ च्या पेशंटपैकी सुमारे ३८ टक्क्यांमध्ये आजाराची सुरुवातच सायकोसिसने म्हणजे भ्रम-भासांनी झाली, आणि या जीनमध्ये ही वाढ नसलेल्या एफटीडीच्या पेशंटमध्ये हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आत. आणि ते भ्रम पुष्कळदा शरीराबद्दलचे असतात, अंगात काहीतरी आहे, कातडीखाली काहीतरी चालतंय, पोटातलं काहीतरी सडलंय. या आजारात थॅलॅमस म्हणजे शरीरातून येणाऱ्या संवेदनांचं जंक्शन लवकर बिघडतं, स्वतःच्या शरीराची मेंदूला असलेली जाणीवच ढासळते आणि त्यातून असे भ्रम येत असावेत असं मानलं जातं. एमआरआयमध्ये सुरुवातीची बरीच वर्षं फार काही दिसत नाही, म्हणून पेशंट वर्षानुवर्षं सायकियाट्रीच्या फाइलमध्येच राहतो. त्या काडेपेटीलाही आमच्याकडे नाव आहे, "मॅचबॉक्स साइन" म्हणतात. हा भ्रम फक्त या जीनमुळेच होतो असं अजिबात नाही, पण पन्नाशीत पहिल्यांदा सायकोसिस, त्यात मायाममता आटणं, गोडाची हाव आणि घरात एएलएस, एवढं एकत्र आलं की जीन बघायलाच हवा.

टेस्टबद्दल एक महत्त्वाचं. लोक "एक्झोम" म्हणजे बरेच जीन एकदम वाचणारी टेस्ट करून घेतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये ही तुकड्यांची वाढ सापडत नाही. त्यासाठी रिपीट-प्राइम्ड पीसीआर ही वेगळी टेस्ट लागते. फॉर्मवर काय लिहिलंय ते नीट बघा, नसेल तर डॉक्टरांना तोंडावर विचारा. ही टेस्ट निगेटिव्ह आली तरी प्रोग्रॅन्युलिनचा जीन बघायला हवा, तो १७ व्या क्रोमोसोमवर असतो, त्यातही भास आणि भ्रम येतात आणि पुढे पार्किन्सनसारखा ताठरपणा येतो. टाऊ या प्रोटीनचा एमएपीटी हा जीनही १७ वरच, पण त्यात सायकोसिस त्या मानाने कमी.

आणि उलटी बाजूही सांगतो, नाहीतर इथे वाचून लोक घाबरतील. विशीत स्किझोफ्रेनिया झालेल्यांमध्ये या जीनमधली वाढ शोधली तर जवळपास सापडतच नाही. आशियाई लोकांमध्ये ती युरोपीय लोकांपेक्षा कमीच दिसते. आणि बी१२, थायरॉइड, सिफिलिस, एचआयव्ही, विल्सन्स (म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार) यातल्या ज्या टेस्ट डॉक्टरांना गरजेच्या वाटतील त्या आधी व्हायला हव्यात, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

साळुंकी

रानजाई ताई, गोळीने हातपाय आखडले ते वाचून पोटात कालवलं. माझ्या वडिलांना लेवी बॉडी डिमेन्शिया होता, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार. त्यांना पलंगाच्या कडेला लहान मुलं बसलेली दिसायची, रोज संध्याकाळी, तीन मुलं, एकाच्या पायात एकच मोजा. आम्ही घाबरून एका दवाखान्यात नेलं, तिथे हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी वडील लाकडासारखे, तोंडातून शब्द नाही, गिळता येईना. दहा दिवस लागले सावरायला, आणि आधी जेवढे होते तेवढे परत कधी झालेच नाहीत. नंतर कळलं की या आजारात अशी औषधं जिवावर बेतू शकतात. त्यांचा आजार जेनेटिक नव्हता, लेवी बॉडीत बहुतेकदा नसतोच, जीबीएसारखे काही जीन धोका वाढवतात तेवढंच, पण सांगायचं कारण वेगळं. म्हातारपणी किंवा पन्नाशीनंतर भास सुरू झाले की "कुठल्या आजारातले भास" हे ठरल्याशिवाय औषध ठरू नये. अमेरिकेच्या एफडीएची (औषधांना मंजुरी देणारी संस्था) या गटाच्या नव्या औषधांवर २००५ पासून आणि जुन्यांवर २००८ पासून सगळ्यात कडक वॉर्निंग आहे की डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून द्यायचीच नाहीत असं नाही, कधी कधी दुसरा मार्गच नसतो, पण कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस आणि घरच्यांना माहिती देऊन. तुम्ही मनाने बंद करू नका मात्र, आम्ही एकदा ती चूक केली होती.

वडिलांना नंतर रिव्हास्टिग्मिन दिलं, त्याने मुलं पूर्ण गेली नाहीत पण येणं कमी झालं आणि ते त्यांना भ्यायचेही नाहीत. हे मात्र लेवी बॉडीतलं सांगतेय, एफटीडीत हे औषध उपयोगाचं नसतं असं आम्हाला डॉक्टर म्हणाले होते.

उंबरठा

माझा प्रश्न यातच विचारते, वेगळा धागा काढत नाही. आजीला ८१ व्या वर्षी अल्झायमर निघाला, आता ती रोज म्हणते तिच्या बांगड्या चोरीला गेल्या, घरात कुणीतरी अनोळखी माणूस राहतोय, टीव्हीतली माणसं तिला बघतायत. मज्जारज्जू सरांचं वाचून धस्स झालं. हे पण जीनचं असतं का? ऑनलाइन किट मागवून टेस्ट करता येते म्हणतात.

मज्जारज्जू

उंबरठा, नाही, तुमच्या आजीचं चित्र वेगळं आहे. अल्झायमरच्या पेशंटपैकी साधारण ४० टक्क्यांना कधी ना कधी भ्रम किंवा भास होतात, आणि चोरीचा संशय, घरात परका माणूस, टीव्हीतली माणसं खरी वाटणं हेच नेहमीचे प्रकार. डॉ. अल्झायमरने स्वतः १९०१ मध्ये फ्रँकफुर्टला जी पहिली पेशंट बघितली, ऑगस्टे डेटर, ५१ वर्षांची, तिच्या आजाराची सुरुवातच नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती, विसराळूपणा मागून आला.

एकाच जीनमुळे होणारा अल्झायमर खूप दुर्मीळ, सगळ्या अल्झायमरमध्ये १ टक्क्याच्याही आत. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ हे ते तीन जीन, आणि त्यात आजार बहुतेकदा पासष्टीच्या आत, कधी चाळिशीतच सुरू होतो. किटमध्ये जो मिळतो तो एपीओई-४ हा जीनचा प्रकार, तो फक्त धोका वाढवतो. तो असूनही ठणठणीत नव्वदी गाठणारे आहेत आणि नसूनही अल्झायमर झालेले आहेत. तुमच्या आजीच्या बाबतीत मी किटच्या आधी तिचे डोळे, कान आणि लघवीचं इन्फेक्शन तपासून घेईन. भास एकदम दोन दिवसांत वाढले असतील तर थांबू नका, ते डिलिरियम म्हणजे अचानक आलेला गोंधळ असू शकतं आणि त्यामागचं कारण बऱ्याचदा उपचाराने जातं.

पाचवा_मजला

मी एरवी लिहित नाही. रानजाई, तुमच्या भावाबद्दल वाचलं म्हणून लिहितोय.

आमच्या घरात हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आहे. तोही एकाच जीनचा, ४ थ्या क्रोमोसोमवरचा, सीएजी या तीन अक्षरांचा तुकडा वाढतो, १९९३ मध्ये सापडला. ४० किंवा जास्त वेळा असेल तर आयुष्यात कधी ना कधी आजार होणारच, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा नाही होणार. माझ्या आईला हातापायाचे झटके दिसायच्या चार वर्षं आधी संशय सुरू झाला होता, शेजारी गॅसमध्ये काहीतरी सोडतात म्हणून ती खिडक्यांना टेप लावायची, मला अजून त्या टेपचा चर्र आवाज आठवतो रात्रीचा. सगळे म्हणायचे बाईचं डोकं फिरलं. मीही म्हणायचो. त्याबद्दल मला आजही अपराधी वाटतं आणि तुम्हालाही तसंच वाटत असणार बाबांच्या त्या दिवसाबद्दल. तो राग तुमचा खोटा नव्हता, तुम्हाला माहीत नव्हतं एवढंच.

मी २९ व्या वर्षी टेस्टला गेलो. पहिल्या भेटीत रक्त घेतलंच नाही. काउन्सेलरने विचारलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करशील? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने घरी पाठवलं. मी दीड वर्षाने परत गेलो. रिपोर्ट काय आला ते इथे लिहित नाही कारण ते इथे महत्त्वाचं नाहीये, महत्त्वाचं हे की तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं.

माझी बहीण आजपर्यंत टेस्टला गेलेली नाही आणि जाणारही नाही. तिचं लग्न झालंय, ती छान जगतेय. सुरुवातीला मला वाटायचं ती पळतेय, तिला समजवायला हवं. नंतर कळलं की न कळण्याचा हक्क हा पण हक्कच आहे आणि काउन्सेलर लोक तो फार जपतात. म्हणून भावाच्या मागे लागू नका. पण एक करा, आईचा रिपोर्ट आला की तो त्याच्यासमोर कसा बोलायचा, किंवा बोलायचाच नाही, हे आत्ताच ठरवा, रिपोर्टच्या दिवशी नाही. आमच्याकडे ते जेवता जेवता कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं आणि ते वर्ष फार वाईट गेलं.

आईची टेस्ट आणि तुमची टेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला लक्षणं आहेत, तिची टेस्ट निदानासाठी. तुम्हाला काही होत नाहीये, तुमची टेस्ट भविष्य बघण्यासाठी. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्हा प्रत्येकाला तो जीन आलेला असण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीसारखी, आणि भावाची नाणेफेक वेगळी, तुमची वेगळी. त्याला आला म्हणून तुम्हाला नाही असं काही नसतं. आणि टेस्ट करायचीच असेल तर त्याआधी विम्याचे वगैरे कागद बघून घ्या, प्रत्येक देशात नियम वेगळे असतात.

मज्जारज्जू

पाचवा मजला यांनी जे लिहिलंय ते मला लिहिता आलं नसतं. फक्त एक भर घालतो, हंटिंग्टनमध्ये आकडा वाढला की साधारण आजार लवकर येतो, तसा हिशोब सी९ऑर्फ७२ मध्ये मांडता येत नाही. जीन असलेल्या एकाच घरातल्या दोघांत एकाला चाळिशीत आजार आणि दुसऱ्याला सत्तरीपर्यंत काहीच नाही असं होतं. आजार थांबवणारं औषध या जीनसाठी अजून नाहीये, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आईचं निदान पक्कं झालं तर तिची औषधं नीट ठरवता येतील, निदान आखडवणारी गोळी वाढवत नेणं थांबेल. जेनफी नावाचा युरोप आणि कॅनडात चालणारा मोठा अभ्यास आहे, एफटीडीचा जीन असलेल्या घरांतल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहतात, आणि त्यात स्वतःचा रिझल्ट न जाणून घेताही भाग घेता येतो. असे मधले मार्गही आहेत.

डॉक्टरांकडे जाताना घराचा नकाशा काढून न्या. नुसतं "डिमेन्शिया कुणाला होता" असं विचारून भागत नाही, कारण जुन्या लोकांना तो शब्दच माहीत नव्हता. कोण भ्रमिष्ट झालं, कुणाचा आवाज अडखळायला लागला, कुणाच्या हातातून वस्तू पडायच्या, कोण तरुणपणी गेलं, कुणी जीव दिला. आयर्लंडच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एएलएसच्या पेशंटच्या नातेवाइकांचा अभ्यास केला होता, त्यांच्यात सायकोसिस आणि आत्महत्या इतरांपेक्षा जास्त आढळल्या. म्हणून हे प्रश्न विचारायला जड जातात तरी विचारावे लागतात.

रानजाई

तीन दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. पाचवा मजला, तुमचं वाचून रडले, पण बरं वाटलं.

मावशीला फोन केला. ती आधी टाळत होती, जुन्या गोष्टी कशाला उकरतेस म्हणाली, मग तासभर बोलली. आजोबा शेवटची दोन वर्षं आजीला घरात येऊ द्यायचे नाहीत, म्हणायचे ही माझी बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी तरी आहे, माझी बायको कुठे लपवलीत ते सांगा. आजी रात्र रात्र ओट्यावर बसून काढायची. आणि मामाबद्दल मला जे माहीतच नव्हतं ते असं की एएलएस कळायच्या आधी वर्षभर तो नोकरीवरून भांडून आला होता, सगळे मिळून माझ्यावर नजर ठेवतात म्हणायचा. पुढे त्याच्या आजारपणात घरच्यांना त्या गोष्टीचा विसर पडला. मी एका मोठ्या कागदावर सगळ्यांची नावं लिहून चौकोन-गोल काढलेत. भावाने तो कागद बघितला, काही बोलला नाही, पण मामाच्या लग्नाचं साल मी चुकीचं लिहिलं होतं ते पेनाने दुरुस्त करून गेला.

काल आईने पुन्हा काडेपेटी पुढे केली. मी पहिल्यांदाच आत काय आहे यावर वाद घातला नाही. हात खूप आग करतोय का म्हणून विचारलं. ती म्हणाली हो गं, रात्री जास्त. हात पुढे केला, मी क्रीम लावलं, कोपरापर्यंत सगळ्या खरवडल्याच्या रेघा. पाच वर्षांत मी तो हात असा हातात घेतलाच नव्हता.

गुरुवारी काउन्सेलरकडे जातोय, मी आणि मावशी. फॉर्मवर पीसीआर लिहिलंय का बघितलं, नव्हतं, डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले नवीन फॉर्म देतो. मज्जारज्जू सर, एक राहिलं, तिला महिन्याभरापासून पाणी पिताना ठसका लागतो. हे सांगण्यासारखं आहे का?

मज्जारज्जू

हो, आणि गुरुवारपर्यंत थांबू नका, उद्याच न्यूरॉलॉजिस्टना फोन करून सांगा. ठसका गोळीच्या ताठरपणामुळेही असू शकतो आणि एएलएसची सुरुवातही असू शकते, त्यासाठी ईएमजी म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी करून बघावी लागेल. तोपर्यंत तिला सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, छोटे घोट द्या, आणि तिच्या जिभेत किंवा दंडात बारीक फडफड दिसते का ते उजेडात बघून त्यांना सांगा.